आजाऱ्याची दवंडी

कापू दारथुआमांचा आवाज चांगला होता असं आता सगळे म्हणतात. खरं सांगायचं तर तो घोगरा होता, आणि त्यांना सर्दी झाली की ऐकवत नसे. पण त्या आवाजात एक सोय होती. तो कुणाच्या बाजूचा वाटत नसे. नळाला पाणी कधी येणार, कुणाचं डुक्कर सुटलंय, रेशनचा तांदूळ आला की नाही, कोण गेलं, हे सगळं ते एकाच सुरात सांगत. डोंगराच्या उतारावरच्या आमच्या तुइखुर वेंगमध्ये, म्हणजे वस्तीत, तीनशे घरं आहेत, आणि त्या तीनशे घरांच्या दवंडीचं काम सव्वीस वर्षं त्यांच्याकडे होतं. कापू आम्ही कुठल्याही वडीलधाऱ्या पुरुषाला म्हणतो, पण वेंगमध्ये नुसतं कापू म्हटलं की ते तेच.

आधी ते मालाची जीप चालवायचे. एका वळणावर जीप उलटली, गुडघा गेला, आणि वेंगनं त्यांच्या हातात माइक दिला. त्यासाठी टेकाडावर पत्र्याची खोली, तिच्यावर तीन भोंगे. एक चर्चच्या बाजूला, एक कब्रस्तानाकडे, एक खाली झऱ्याकडे. झऱ्याकडचा भोंगा खरखरायचा. मग कापू लंगडत बाहेर येऊन त्याला बांबूनं दोन हाणायचे, आणि तो ताळ्यावर यायचा.

त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी माइकवर दोन फुंकरा. मग, "वेंगच्या लोकांनो, कान इकडे द्या." मग माणसाचं नाव, मग आईबापांची नावं, मग घर कुठे ते, आणि शेवटी काय झालं ते. हा क्रम त्यांचा स्वतःचा. आमच्याकडे एकेका नावाची पाच-पाच माणसं, आईबापांशिवाय कळायचं नाही. आणि घर आधी सांगितलं की ऐकता ऐकता माणूस चपला घालतो. आमच्यात कुणी गेलं की पुरुषांनी पहार-कुदळ घेऊन कबर खणायला जायचं, बायकांनी साखर आणि चहापत्ती घेऊन त्या घरी जायचं. कुणी फार आजारी असलं तर तरुण मंडळी पाळीपाळीनं त्या घरी जाऊन रात्रभर बसतात, घरच्यांना झोप मिळावी म्हणून. त्यासाठी आमंत्रण लागत नाही, दवंडी लागते. जो जात नाही त्याला कुणी बोलत नाही. पण त्याला पुढे जन्मभर मान वर करता येत नाही.

नशेची पावडर आमच्याकडे सरहद्दीच्या बाजूनं येते. ती कुठल्या वाटेनं येते हे सगळ्यांना माहीत होतं. कुणाच्या घरात येते हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं, निदान म्हणताना सगळे तसं म्हणायचे. एका पावसाळ्यात तिघांच्या कबरी खणल्या. तिघंही विशी-पंचविशीचे. मग समिती बसली. फौजेतून निवृत्त झालेले झुआला अध्यक्ष झाले, आणि मी सेक्रेटरी. मी शाळामास्तर, माझं अक्षर वेंगमध्ये सगळ्यांत सुबक, याखेरीज माझ्यात काही विशेष नव्हतं.

झुआलांचं म्हणणं सरळ होतं. "लाज वाटली की सुटतं. जो सापडेल त्याचं नाव शनिवारी भोंग्यावर. तीन शनिवार नाव आलं की चौथ्याला तो स्वतःच सोडतो का नाही बघा."

सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. यादी मी लिहायची, कापूंनी वाचायची. एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढे लपवत बसायला नको. माझा धाकटा भाऊ केइमा पावडर घ्यायचा. मला ते ठाऊक होतं, आणि त्याचं नाव मी एकाही यादीत लिहिलं नाही.

पहिल्या शनिवारी यादीत एकच नाव होतं, सांगा नावाच्या पोराचं. संध्याकाळची जेवणं आमच्याकडे पाचला उरकतात, सहाला दवंडी होते. कापूंनी दोन फुंकरा मारल्या आणि आपल्या नेहमीच्या क्रमानं वाचलं, कारण दुसरा क्रम त्यांना येतच नव्हता. "सांगा. आई बियाकी, वडील लियाना. घर, झऱ्याच्या पायऱ्यांखालचं तिसरं." एवढं कानावर पडलं आणि अर्धा वेंग उठला. पुढचं 'पावडर घेताना सापडला आहे' हे जे बसून राहिले त्यांनीच ऐकलं.

अकरा जण पहार-कुदळी घेऊन कब्रस्तानात पोचले आणि खणायला लागले. बायका साखर घेऊन सांगाच्या घरी गेल्या. एका म्हातारीनं सांगाच्या आईला मिठी मारून गळा काढला, तेवढ्यात ओसरीवर कणीस खात बसलेला सांगा तिला दिसला, आणि ती आणखी मोठ्यानं रडू लागली.

"कोण गेलं?" सांगानं विचारलं.

"तू," कुणीतरी म्हणालं.

आठवडाभर वेंग हसत होता. सांगाही हसला. गुडघाभर खणलेला खड्डा लोकांनी बुजवला. सांगाच्या आईनं आलेल्या बायकांना हात जोडून, साखरेच्या पुड्या परत देऊन घरी पाठवलं. कापू तेवढे हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "सेक्रेटरी, ही यादी माझ्या तोंडात बसत नाही."

"मग क्रम बदला, कापू. आधी पावडर म्हणा, मग नाव."

त्यांनी बदलला. त्यानंतर यादी ऐकून कुणी चपला घातल्या नाहीत.

आठ महिन्यांनी सांगा खरंच गेला. झऱ्याजवळ जुनं पंपघर आहे, तिथे दुपारी. संध्याकाळी लाकडं घेऊन येणाऱ्या बायकांना तो सापडला. दवाखाना तिथून पंधरा मिनिटांवर, आणि हाक मारली असती तर उचलून न्यायला चार माणसं कुठल्याही घरातून निघाली असती. त्याची कबर खणताना केइमानं पहार कुणाच्या हातात दिली नाही. तळहात फुटले तरी खणत होता. लोक म्हणाले, मित्र असावा तर असा.

दुसऱ्या दिवशी मी ताट वाढलं तेव्हा त्यानं ते बाजूला सारलं.

"दादा, मी होतो तिथे. तो घोरायला लागला, वेगळंच घोरणं. मी त्याला हलवलं, थोबाडीत मारल्या. मग मी पळालो."

"हाक का नाही मारलीस?"

"मारली असती तर शनिवारी माझं नाव आलं असतं. तुझी लाज गेली असती."

मी तेव्हा त्याला सांगू शकलो असतो की बाबा रे, तुझं नाव कधी येणारच नव्हतं. नाही सांगितलं. ताट उचललं आणि भात डुकराला घातला.

यादी चालूच राहिली. माझं अक्षरही तसंच सुबक राहिलं.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मुआनी सापडली. पूर्ण नाव झोमुआनी, कापूंची एकुलती मुलगी, वय चोवीस. आई ती सहा वर्षांची असताना गेली. तेव्हापासून ती दवंडीच्या खोलीत माइकच्या टेबलाखाली बसून मोठी झाली. पुढे मागावर पुआन, आमच्या बायकांचं नेसायचं वस्त्र, विणायला लागली. तिच्या पुआनची किनार बाजारात ओळखू यायची. समितीच्या पोरांना ती मागांच्या शेडमागे पावडरसकट सापडली. कापूंना तोवर कळलं नव्हतं की कळत होतं, हे मी कधी विचारलं नाही. आपल्या माणसाचं आपल्याला किती कळत असतं ते मला चांगलं माहीत होतं.

झुआला आणि मी पत्र्याच्या खोलीत गेलो. कापू माइकची तार चिकटपट्टीनं बांधत होते.

"कापू, या शनिवारी यादी लहान आहे," झुआला म्हणाले. "तीनच नावं."

"चार सापडले म्हणून ऐकलं."

"वाचायची तीनच."

"चौथी माझी म्हणून?"

"तुम्ही वेंगसाठी इतकं केलंत. एवढं तर..."

"सांगाच्या आईनं काय कमी केलं होतं? प्रत्येक मयतीला चहा उकळलाय तिनं. तिच्या पोराला वगळलंत का?"

कापूंनी तार खाली ठेवली.

"मी या भोंग्यावरून किती पोरं गेल्याचं सांगितलं, आठवतं तुला? मलाही नाही. पण मुआनीचं मी सांगणार नाही. माझं मरण तिनं सांगायचं, तिचं मी नाही. मला एवढंच पाहिजे, झुआला. बाकी काही नको."

"अहो, मग नाव वगळतो म्हणतोय ना!"

"नाव वगळलं की ती वाचते?"

मी जमिनीकडे बघत होतो. पत्र्याच्या भोकातून उन्हाचा ठिपका माझ्या बुटावर पडला होता, तो मला अजून दिसतो.

"यादी ठेव इथं, सेक्रेटरी," कापू म्हणाले. "आणि जा."

शनिवारी सहाला दोन फुंकरा आल्या.

"वेंगच्या लोकांनो, कान इकडे द्या. झोमुआनी. आई लालथांगी, आता नाही. वडील दारथुआमा. घर, दवंडीच्या खोलीच्या मागचं." इथे झऱ्याकडचा भोंगा खरखरला, पण ते उठले नाहीत, तसेच बोलत राहिले. "ती फार आजारी आहे. पावडरचा आजार आहे. घरात आम्ही दोघंच, आणि माझ्यानं आता रात्र जागवत नाही. बसायला माणसं पाहिजेत."

भोंगा बंद झाला. यादी त्यांनी वाचलीच नाही.

चहाच्या टपरीवर गदारोळ झाला. हा कसला आजार? ताप आहे का, पोटदुखी आहे का? उद्या दारुडेसुद्धा म्हणतील बसायला या! कुणी म्हणालं, स्वतःच्या पोरीवर आलं म्हणून आजार, आमच्या पोरांवर होतं तेव्हा यादी. हे मला बरोबर वाटलं, आणि बोलणाऱ्याचा रागही आला. झुआलांकडे सगळे बघत होते. त्यांनी कप खाली ठेवला.

"दवंडी आजाऱ्याची झाली?" ते म्हणाले. "झाली. मग जायचं. मला काय विचारता?"

तरी तासभर कुणी हललं नाही. मी समितीचा सेक्रेटरी म्हणून गेलो, असं मी स्वतःला सांगितलं. कापू दारातच उभे होते. आत मुआनी दोन गोधड्यांखाली थरथरत होती.

"सगळ्या डोंगराला सांगितलंत, पा!" ती ओरडत होती. "लाज नाही वाटत?"

"वाटते. पण आता लपवायचं काही उरलं नाही. पड."

तिनं पाण्याचा जर्मनचा मग भिंतीवर भिरकावला. तो गडगडत दाराशी आला, तिथे एका बाईनं वाकून तो उचलला. ती सांगाची आई होती. हातात साखरेची आणि चहापत्तीची पुडी.

"चूल कुठे?" तिनं विचारलं.

कापू म्हणाले, "तुमच्या पोराचं नाव मीच वाचलं होतं."

"दोनदा. दोन्ही वेळा माणसं आली." ती मगाला पडलेला चेप अंगठ्यानं बाहेर काढत होती. "पहिल्या वेळी तो जिवंत होता. ओसरीवर बसला होता. मी सगळ्यांना परत पाठवलं. पाठवायला नको होतं. बसवून घ्यायला हवं होतं."

मग ती चुलीकडे गेली. कापू दाराला टेकले आणि मोठ्यानं रडले. मी त्यांना त्याआधी किंवा त्यानंतर रडताना पाहिलं नाही.

आठच्या सुमाराला आठ-दहा जण आले. गिटार घेऊन आले, आजाऱ्याच्या घरी गातात तसे गायला लागले. मुआनी आतून ओरडली, "गाणं बंद करा, नाहीतर गिटार चुलीत घालीन!" त्यांनी गाणं बंद केलं आणि कॅरम मागवला. नऊच्या पाळीला झुआला आले, स्वतःची गोधडी आणि स्वतःचं स्टूल घेऊन. ते पहाटेपर्यंत दाराशी ताठ बसून राहिले, पहाऱ्यावर असल्यासारखे. तिनं पळून जायचा दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "कुठे जायचंय? चल, मी येतो." पाचव्या दिवशी दवाखान्याच्या सिस्टरनं तिला शहरातल्या व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. वेंगमधल्या दोन मुली तिच्याबरोबर गेल्या आणि तिथेच राहिल्या. हे कुणी ठरवलं ते मला माहीत नाही.

पुढच्या शनिवारी यादी नव्हती. कापूंच्या दाराखालून दोन चिठ्ठ्या आत सरकवलेल्या होत्या. नाव, आईबाप, घर. त्यांनी दोन्ही घरी जाऊन विचारलं, खरंच सांगू का? एका घरानं नको म्हटलं, ते त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्यानं हो म्हटलं.

माझी चिठ्ठी मी त्याच आठवड्यात लिहिली. नऊ दिवस ती सदऱ्याच्या खिशात होती. एकदा कपड्यांबरोबर धुतली गेली, तर मी बसून पुन्हा लिहिली, सुबक अक्षरात. लाजेची गंमत बघा, अक्षर वाईट येऊ नये याचीही मला काळजी होती. दहाव्या दिवशी दिली. कापूंनी चष्मा लावला.

"हा कागद मला पहिल्या यादीबरोबरच हवा होता."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुझ्या याद्या मीच वाचायचो, सेक्रेटरी. त्यात कोण नाही तेही दिसायचं."

"मग बोलला का नाहीत?"

"माझं काम दिलेलं वाचायचं, असं मी समजत होतो." त्यांनी चिठ्ठीची घडी केली. "वाईट काम केलं मी ते. तू लिहायचं केलंस, मी वाचायचं."

केइमाची दवंडी झाली तेव्हाही पहिली सांगाची आईच आली. मी स्वयंपाकघरात होतो. पलीकडे केइमा तिला सांगत होता, अडखळत, पंपघरातलं सगळं. घोरणं, थोबाडीत मारलेल्या, पळणं. ती आता उठून जाईल असं मला वाटलं. ती उठली, चुलीतलं लाकूड पुढे सारलं आणि परत बसली.

"किती वाजले होते?"

"तीन. साडेतीन."

"मी घरीच होते तेव्हा," ती म्हणाली. "हाक ऐकू आली असती."

ती सकाळपर्यंत बसली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आली.

यानंतर सगळं गोड झालं असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. दोन कबरी त्यानंतरही खणल्या, त्यातली एक ज्या घरानं नको म्हटलं होतं त्या घरातली. पावडर अजून येते. खालच्या वेंगवाले आम्हाला आजाऱ्यांचा वेंग म्हणून चिडवतात. बाजारात भेटले की विचारतात, काय मास्तर, आज कुणाकडे बसायला? केइमा तीनदा केंद्रात जाऊन आला, आता सुमो चालवतो. आज बरा आहे, उद्याचं उद्या. मुआनी दोनदा घसरली. पहिल्या खेपेला दवंडी कापूंनी दिली. दुसऱ्या खेपेला ती स्वतः पत्र्याच्या खोलीत गेली, वडिलांच्या हातातून माइक घेतला आणि म्हणाली, "झोमुआनी. घर तुम्हाला माहीत आहे. पुन्हा आजारी आहे." त्याला आता सहा वर्षं झाली. त्यानंतर तिची दवंडी झालेली नाही.

गेल्या फेब्रुवारीत एका सकाळी कापू उठले नाहीत. आदल्या संध्याकाळी त्यांनी शेवटचं सांगितलं ते पाण्याचं, की वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बदलतायत, दोन दिवस जपून वापरा. बातमी कळताच मी कागद घेऊन बसलो, झुआला शेजारी उभे राहून चुका काढत होते. कापूंची मोठी सेवा, वेंगवरचे उपकार, असं बरंच लिहिलं. ते घेऊन आम्ही खोलीवर गेलो तर मुआनी आधीच तिथे होती. तिनं माझा कागद वाचला आणि घडी करून टेबलावर ठेवला.

"हे नको, दादा. क्रमानं सांगते."

तिनं दोन फुंकरा मारल्या. झऱ्याकडचा भोंगा खरखरला. ती उठली, बाहेर गेली, बांबूनं त्याला दोन हाणले आणि परत येऊन बसली.

"वेंगच्या लोकांनो, कान इकडे द्या. दारथुआमा. आई रोथुआमी, वडील चुआंगा. घर, दवंडीच्या खोलीच्या मागचं." इथे ती थांबली. माइकमधून तिचा श्वास डोंगरभर ऐकू जात होता. "ते गेले. सांगतेय त्यांची मुलगी."

झुआलांनी टोपी काढली. खाली पायऱ्यांवर माणसं निघालीच होती, घर ऐकलं तेव्हाच. पहार खांद्यावर घेऊन सगळ्यांत पुढे केइमा होता.